आडनावाचा इतिहास घरपोच : ३४०० रुपयांचा सिंह

पार्सल आलं तेव्हा मी उंधियोसाठी सुरती पापडी सोलत बसले होते. कुरिअरवाल्याने एक लांबुळकी नळी हातात दिली आणि विचारलं, "मासी, पतंगनो कागळ छे?" उत्तरायणाच्या तोंडावर बडोद्यात नळीतून दुसरं काय येणार? मी म्हटलं, सिंह आहे. तो हसला नाही, ओटीपी मागून निघून गेला.

तर हा त्या सिंहाचा रिव्ह्यू. सिंह ज्या फ्रेमवाल्याकडे गेला त्याचाही आहे, आणि एका फुकटच्या डच वेबसाइटचाही, जी मला आधी माहीत असती तर पैसे वाचले असते.

माझी लेक नेदरलंड्सला असते. जावई तिथलाच, अगदी उत्तरेकडच्या फ्रीसलंड प्रांतातला. (हे अजूनही "फ्रीजलंड" म्हणतात आणि वर "म्हणूनच तिथं एवढी थंडी" असं स्वतःच हसतात. लग्नाला सहा वर्षं झाली, विनोद तोच आहे.) जावयाचं आडनाव टेर्पस्ट्रा. तिथे १ जानेवारी २०२४ पासून कायदा बदलला, मुलाला आई आणि बाप दोघांचीही आडनावं लावता येतात. मध्ये जोडरेघ द्यायची नाही, नुसती मोकळी जागा सोडायची. त्यामुळे आमची नात आहे राजापूरकर टेर्पस्ट्रा. तीन किलोचं बाळ आणि त्याच्या पाठीवर एवढं ओझं!

यंदा जानेवारीत व्याही आणि विहीणबाई पहिल्यांदा बडोद्याला येणार होते. विहीणबाईंना पाटोळ्याची ओढणी घेतली, तो प्रश्न मिटला. व्याह्यांना काय द्यायचं? शर्टपीस देणार का माणसाला? अशा विवंचनेत असताना फोनवर जाहिरात आली : तुमच्या आडनावाचा गौरवशाली इतिहास, कुलचिन्हासह, जुन्या धाटणीच्या कागदावर. फोनला आपल्या मनातलं कसं कळतं हा विषय वेगळा. मी आडनाव टाकलं, ३४०० भरले.

आता माझ्याबद्दल एक सांगायला हवं, नाहीतर पुढची कुरकुर कळणार नाही. मी एकतीस वर्षं इथल्या एका ग्रंथालयात कॅटलॉगिंग केलं. म्हणजे लेखकाचं नाव कुठून तोडायचं आणि कुठल्या अक्षराखाली लावायचं, यावर मी पगार घेतला आहे. आडनावाशी कोणी खेळलेलं मला सहन होत नाही.

नळी उघडली. कागद चहात बुडवून वाळवल्यासारखा, कडा मुद्दाम फाटक्या केलेल्या. त्या फाटक्या कडा चारही बाजूंना अगदी सारख्याच फाटलेल्या होत्या, म्हणजे फाटकेपणाही छापलेलाच. मध्ये लाल ढाल, तिच्यावर सोनेरी सिंह, खाली लॅटिनमध्ये काहीतरी शौर्य-निष्ठा. त्याच्याखाली इंग्रजीत तीन परिच्छेद. आडनाव "अतिप्राचीन जर्मानिक सरदार घराण्याचं", "जगात अत्यंत दुर्मीळ", एक शाखा पूर्वी नावाआधी 'फान' लावत असे आणि "यावरून त्यांचं उमरावपण सिद्ध होतं". शेवटी नेपोलियन : त्याने डच लोकांवर आडनावांची सक्ती केली, लोकांनी थट्टा म्हणून विचित्र नावं घेतली, वगैरे.

'फान' वाचलं आणि माझ्यातली निवृत्त बाई जागी झाली.

डचमधला 'फान' म्हणजे फक्त 'चा' किंवा 'हून'. आपल्या 'कर'चं काम तो नावाच्या आधी उभा राहून करतो, एवढाच फरक. फान देन बेर्ख म्हणजे डोंगराकडचा, आपल्याकडचा डोंगरे. फान दाइक म्हणजे बांधाकडचा. तिथे दूधवाल्यापासून पंतप्रधानापर्यंत कोणाच्याही नावात फान असतो. जर्मनीत 'फोन' पुष्कळदा उमरावकीची खूण असते, तिथला गैरसमज उचलून यांनी हॉलंडवर लावला. आणि हा फान अनुक्रमात धरत नाहीत. फान देन बेर्ख नेदरलंड्सच्या यादीत ब-खाली सापडतो, शेजारच्या बेल्जियमच्या टेलिफोन डिरेक्टरीत तोच माणूस व्ही-खाली. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी डच लेखकांची दोन खणभर कार्डं चुकीच्या अक्षराखाली लावली होती आणि साहेबांनी ती सगळी माझ्याकडूनच परत लावून घेतली. ते विसरेन होय मी? शिवाय टेर्पस्ट्राला फान लागतच नाही, लागूही नये. का ते पुढे येतंच.

मग मला खोड सुचली. त्याच साइटवर गेले आणि नमुना बघायच्या खिडकीत आमचं आडनाव टाकलं. राजापूरकर : अतिप्राचीन, दुर्मीळ, सरदार घराणं. ढाल निळी, सिंह तोच. ह्यांच्या आईचं माहेरचं आडनाव टाकलं, तोच सिंह हिरव्या ढालीवर. शेवटी 'खमण' टाकलं. खमणही सरदार घराण्यातलं निघालं, शौर्य-निष्ठेसकट. मी ह्यांना हाक मारली. ह्यांनी ढोकळाही टाकून बघितला, पण तेवढ्यात सर्व्हर बसला.

कुलचिन्हाबद्दल लेकीने फोनवर जे समजावलं ते इथे सांगते, कारण असल्या जाहिराती आपल्याकडे आता भरपूर यायला लागल्यात. ढाल आडनावाची नसते, एखाद्या घराण्याची असते. एकाच आडनावाची दहा घराणी असतील आणि त्यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नसेल, तर एकाची ढाल बाकीच्या नऊजणांना विकणं म्हणजे एका जोशांच्या घराचा सात-बारा दुसऱ्या जोशांना देण्यासारखं. नेदरलंड्समध्ये गंमत अशी की ढाल घ्यायला उमराव असावं लागत नाही. शेतकरी, कारागीर कोणीही घेऊ शकतो आणि हेगमधल्या कुटुंब-इतिहास केंद्रात तिची नोंद करून घेता येते. फ्रीसलंडच्या शेतकरी घराण्यांच्या ढालींवर पुष्कळदा अर्धा गरुड असतो, बाजूला तीन पानांचं क्लोव्हर किंवा ओकची फळं. गाईगुरांच्या मुलखाला शोभेलसं. आमच्या सिंहाला तिथे चरायला जागा नाही.

त्याच केंद्राची आडनावांची एक मोठी सूची आहे, 'नेदरलांड्से फामिलीनामेनबांक'. फुकट. हाच मी रिव्ह्यू करणार असलेला दुसरा माल. तीन लाखांहून जास्त आडनावं आहेत आणि प्रत्येकापुढे १९४७च्या जनगणनेत किती लोक होते नि २००७ साली किती, ते आकडे. खाली नकाशा, कुठल्या नगरपालिकेत हे नाव किती दाट आहे ते रंगाने दाखवलेलं. दे योंग हे सगळ्यांत जास्त आढळणारं आडनाव, २००७ साली सुमारे ८४ हजार. त्याचा अर्थ नुसता 'धाकटा'. आणि खरी दुर्मीळ नावंही आहेत : माणसं पाचापेक्षा कमी असली तर आकडाच देत नाहीत, "५ पेक्षा कमी" एवढंच लिहितात, म्हणजे ते घर उघडं पडू नये. हा शहाणपणा मला फार आवडला.

टेर्पस्ट्रा टाकलं. हजारोंनी आहेत! नकाशात फ्रीसलंडचा तुकडा गडद आणि बाकी देश फिकट. दुर्मीळ कसलं, आपल्या कोकणात 'पाटील' शोधण्यापैकी प्रकार. या साइटबद्दल तक्रार एवढीच की बराचसा मजकूर डचमध्ये आहे. फोनमधलं भाषांतर चालतं, पण त्याने दे योंगचं 'तरुण' करून टाकलं आणि यादीत "तरुण, ८४ हजार" वाचून मला वाटलं ही बेकारीची आकडेवारी आहे. शोधताना आधीचे 'फान', 'दे' हे तुकडे काढून मूळ नाव टाका, लवकर सापडतं.

आता अर्थ. हाच भाग त्या ३४०० रुपयांच्या कागदावर यायला हवा होता.

फ्रीसलंडच्या आडनावांचे शेवट ठरलेले : -स्ट्रा, -मा, -स्मा, -इंगा. 'स्ट्रा' हा जुन्या 'बसणारा, वस्ती करून असणारा' या अर्थाच्या शब्दाचा झिजलेला तुकडा. दाइकस्ट्रा म्हणजे बांधाशी राहणारा, हूकस्ट्रा म्हणजे कोपऱ्यावरचा, फेनस्ट्रा दलदलीतल्या पीट मातीच्या मुलखातला, झाइलस्ट्रा पाण्याच्या दरवाज्यापाशी राहणारा. (दाइकस्ट्रा आमच्या भाच्याला लगेच कळलं. संगणकाच्या अभ्यासात जवळचा रस्ता शोधायची रीत ज्याच्या नावाने शिकवतात तो हाच, म्हणे. बांधावरून चालताना सुचली असेल.) 'स्ट्रा'मध्येच 'तिथला' आलं, म्हणून फानची गरज नाही. राजापूरकरच्या आधी कोणी 'राजापूरचे' लावतं का?

आणि 'टेर्प' म्हणजे टेकाड. पण देवाने केलेलं नव्हे, माणसाने रचलेलं.

समुद्राला बांध घालायला माणूस शिकला नव्हता तेव्हाची गोष्ट. भरतीचं पाणी त्या सपाट किनाऱ्यावर आत मैलोन् मैल यायचं. लोकांनी चिखल, शेण, घरातला केरकचरा थरावर थर टाकून उंचवटे केले आणि त्यावर घरं बांधली. हे काम इसवी सनापूर्वी पाच-सहाशे वर्षं सुरू झालं आणि हजारेक वर्षांहून जास्त चाललं. रोमन लेखक प्लिनी तिकडे जाऊन आला होता. त्याने लिहिलंय की पाणी चढलं की ही माणसं जहाजातल्या खलाशांसारखी दिसतात. पुढे बांध आले, टेकाडांची गरज संपली. मग एकोणिसाव्या शतकात कोणाच्या तरी ध्यानात आलं की ही शेणाचिखलाची माती म्हणजे नुसतं खत आहे. झालं! टेकाडं कापून माती होड्यांत भरून विकली, पुष्कळ टेकाडं अर्धी झाली. हेगेबाइन्टम नावाचं सगळ्यांत उंच टेकाड अजून उभं आहे, समुद्रसपाटीपासून पावणेनऊ मीटरच्या आसपास, वर एक चर्च.

हे लेकीने सांगितलं तेव्हा मी कारेलीबागेतल्या आमच्या घराच्या जोत्याकडे बघत होते. २०२४च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री ३५ फुटांच्या वर गेली. बडोद्यातल्या माणसाला तो आठवडा सांगायला नको. आमच्या सोसायटीत पाणी रात्री आलं, आवाज न करता. आधी अंगणातली तुळस गेली, मग मोटारसायकलची चाकं. समोरच्या शहांचं जोतं आमच्यापेक्षा पाच पायऱ्या उंच. बांधलं तेव्हा सगळी गल्ली हसली होती की शहांना वर कलेक्टर राहायला येणार की काय. त्या तीन दिवसांत त्यांच्या ओट्यावर आम्ही चौदा माणसं होतो, दोन कुत्री, एक गॅस सिलिंडर आणि कोणाचा तरी देव्हारा. टॉर्च मारून मारून मगर बघायची पाळी लावली होती. चौथ्या दिवशी पाणी उतरलं तेव्हा त्या ओट्याच्या कडेला चिखलाची रेघ होती, पाचव्या पायरीच्या खाली चार बोटं.

शहा टेर्पस्ट्राच की.

राहता राहिला नेपोलियन. तेवढं त्या कागदावर अर्धं खरं होतं. १८१० साली हॉलंड फ्रान्सला जोडलं गेलं आणि १८ ऑगस्ट १८११चा हुकूम निघाला की ज्यांना कायमचं आडनाव नाही त्यांनी ते घेऊन नोंदवावं. पण देशातल्या बहुतेकांना आडनावं आधीपासूनच होती. थट्टेची म्हणून नाक्तगेबोरेन या नावाचं उदाहरण देतात, अर्थ 'नागडा जन्मलेला'. ते नाव १८११च्या आधीपासून आहे. बापाच्या मृत्यूनंतर जन्मलेलं मूल, असा त्याचा मूळ अर्थ लावतात. किती हळवं आडनाव, आणि दोनशे वर्षं त्याच्यावर हसतायत! फ्रीसलंडमध्ये मात्र खरोखरच पुष्कळांना आडनाव नव्हतं. यानचा मुलगा पिटर यान्स, त्याचा मुलगा क्लास पिटर्स, असं दर पिढीला बदलायचं. आपण मधे बापाचं नाव लावतो, त्यांनी तेच शेवटी लावलेलं.

या नोंदी फ्रीसलंडमधल्या ल्यूवार्डेन शहरात 'ट्रेसोआर' या दप्तरखान्यात जपून ठेवल्यात आणि नावाने शोधता येतात. लेकीने दोन संध्याकाळी खर्चून जावयाच्या घराण्याची नोंद काढली. खापर-खापर-पणजोबा गावकचेरीत आले, टेर्पस्ट्रा हे नाव घेतो म्हणाले, मुलांची नावं आणि वयं सांगितली, त्यातलं शेवटचं मूल वीस आठवड्यांचं. खाली सहीच्या जागी कारकुनाने लिहिलंय की या माणसाला लिहिता येत नाही. वळणदार, उजवीकडे झुकलेलं अक्षर, आणि एके ठिकाणी शाईचा डाग. तिने ते पान मला पाठवलं. मी मोठं करून तो डाग किती वेळ बघत होते.

विकणाऱ्या कंपनीला मी रीतसर मेल केला. खमणचा स्क्रीनशॉटही जोडला. उत्तर आलं की वैयक्तिक छपाईची वस्तू परत घेतली जात नाही आणि आमचं संशोधन प्राचीन साधनांवर आधारलेलं आहे. कागदाला चार दिवसांत कडेने सुरकुत्या पडल्या. पाचात दीड तारा देते, आणि तोही कुरिअर वेळेवर आला म्हणून.

आता फ्रेमवाला. दांडिया बाजारातलं गाळावजा दुकान आहे, नाव देत नाही, कारण त्याला मोबाइलवर कोणी फोन केलेला आवडत नाही. सिंह मी आधीच त्याच्याकडे टाकून आले होते. त्याने पावतीवर नाव लिहायला पेन काढलं, मी टेर्पस्ट्रा म्हटलं, तो थांबला. "टेर्पास्त्र? ब्रह्मास्त्र, नारायणास्त्र, एवुं कंई?" मी हो म्हटलं. अजून पावतीवर 'टेर्पास्त्र – १' असं आहे.

दोन दिवसांनी सिंह रद्द करून १८११च्या पानाचा प्रिंट घेऊन गेले. कुरकुर न करता त्याने माउंट परत कापला, कारण पान उभं होतं आणि सिंह आडवा. मी म्हटलं पुठ्ठा आम्लाचा नको, दहा वर्षांत कडा पिवळ्या पडतात. आपल्याकडे फ्रेमवाल्याला हे सांगितलं की तो वर छताकडे बघतो. याने मागच्या खोलीतून बरोबर तसला पुठ्ठा आणला आणि कोपरा फाडून आतपर्यंत पांढरा असल्याचं दाखवलं. सागवानी पट्टी, कोपरे असे जोडलेले की नख फिरवलं तरी अडकत नाही. काच आणि कागदात बारीक फट सोडली, बडोद्याच्या दमट हवेत कागद काचेला चिकटू नये म्हणून. ११५० रुपये, पहिल्या माउंटचे पैसे घेतले नाहीत. पाच तारे. वेळ मात्र पाळत नाही. बुधवार म्हणजे शुक्रवार समजायचं, आणि उत्तरायणाच्या आठवड्यात तर फिरकूच नका, पोरगा गच्चीवर असतो.

तेराला संध्याकाळी व्याही आले. मी फ्रेम दिली. ते इंग्रजी जपून बोलतात, एकेक शब्द ठेवल्यासारखा. पान वाचलं, बोट वीस आठवड्यांच्या मुलावर ठेवलं आणि म्हणाले, "हा आमचा. याच्यापासून आम्ही." मग विचारलं, राजापूरकर म्हणजे काय? मी म्हटलं, राजापूरचे. राजापूर उंचावर आहे का? मी म्हटलं, नाही हो, तिथेही दर पावसाळ्यात बाजारपेठेत पाणी शिरतं. ते इतके हसले की विहीणबाईंनी आतून येऊन काय झालं म्हणून विचारलं.

सोळाला आम्ही सगळे सुरतेला जाऊन डच कबरस्तान बघून आलो. हेंड्रिक फान रेडे, मलबारच्या वनस्पतींवरचा बारा खंडांचा 'हॉर्टस मलबारिकस' करवून घेणारा, १६९१ साली वारला, त्याची घुमटाची कबर तिथे आहे. त्या ग्रंथाच्या १६७८च्या पहिल्या खंडात तीन कोंकणी ब्राह्मणांची साक्ष नागरी अक्षरांत छापलेली आहे, आम्स्टरडॅममध्ये! व्याह्यांना हे माहीत नव्हतं. मी मात्र त्यांना एवढंच विचारलं की तुमच्याकडे हा कुठल्या अक्षराखाली लावतात. "र," ते म्हणाले. बरोबर.

सिंह फ्रेमवाल्याने मागून घेतला. परवा विहिणीच्या फोटोला पट्टी बघायला गेले तर काउंटरच्या मागे टांगलेला होता, चांगल्या सोनेरी चौकटीत. खालचं नाव पांढऱ्या कागदाने झाकून त्यावर जाड पेनाने 'उधार बंद छे' लिहिलंय.